दोन-तीन शॉवर एकाच वेळी: भरपूर धार आणि पुरेसं गरम पाणी मिळवण्याचा नेमका क्रम

नरक चतुर्दशीची पहाट, घरात नऊ माणसं आणि तीन बाथरूम. खाली कुणी बादलीला नळ सोडला की वरच्या शॉवरची धार करंगळीएवढी होते, आणि अंगाला उटणं लावून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर एकदम गार पाणी येतं. सणाच्या गडबडीतच ठरतं, 'यंदा मोठा गिझर घेऊन टाकू' किंवा 'प्रेशर पंप बसवू'. बहुतेक घरांत पैसे इथेच वाया जातात. वस्तू आधी येते आणि मोजमाप नंतर होतं, किंवा होतच नाही.

प्रेशर नसणं आणि गरम पाणी न पुरणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीचा उपाय दुसरी वाढवू शकतो. नुसता पंप बसवला तर धार दुप्पट होते आणि गिझर निम्म्या वेळात रिकामा होतो. म्हणून खालचा क्रम पाळा, मधला टप्पा गाळू नका.

उदाहरण म्हणून पुण्या-नाशकाकडचं नेहमीचं घर घेतलं आहे: तळमजला, वर एक मजला, गच्चीवर १००० लिटरची टाकी, शेजारी सोलर आणि बाथरूममध्ये गिझर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी १, २, ५ आणि ६ हे टप्पे तरी नक्की करावेत.

## आधीची तयारी

१० लिटरची खूण केलेली बादली, मोबाइलवरचं स्टॉपवॉच, स्वयंपाकघरात वापरतात तो थर्मामीटर (तापाचा नको, तो ४२-४३ अंशांच्या पुढे जात नाही), मोजपट्टी आणि कागद एवढं पुरे.

कागदावर घराची पाइपलाइन काढा. टाकीतून किती पाइप निघतात, सोलरला पाणी कुठून जातं, कोणता पाइप कोणत्या बाथरूमला उतरतो, व्हॉल्व्ह कुठे आहेत. पाइप भिंतीत असतील तर गच्चीवरचा एकेक व्हॉल्व्ह बंद करून कुठला नळ थांबतो ते पाहा. अर्धा तास जातो, पण पुढे प्लंबरशी बोलताना हाच कागद हातात हवा. नाहीतर तो सांगेल तेच खरं मानावं लागतं.

मोजमाप थंडीतल्या सकाळी करा. मे महिन्यात केलेला हिशेब डिसेंबरात उपयोगी पडत नाही. थंडीच्या पहाटे टाकीतलं पाणी १८ अंशांवर येतं, निफाडसारख्या ठिकाणी त्याहून खाली.

## टप्पा १: धार मोजा

प्रत्येक शॉवरखाली बादली ठेवा आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. ७५ सेकंद लागले तर मिनिटाला ८ लिटर, १०० सेकंद लागले तर ६ लिटर. चांगल्या आंघोळीला मिनिटाला ८ लिटर पुरेत. छताला लावायचे मोठे रेन शॉवर १२-१५ लिटर सहज पितात.

हे माप चार प्रकारे घ्या:

१. फक्त गार पाणी, एकच शॉवर चालू.
२. फक्त गरम पाणी, एकच शॉवर चालू.
३. दोन शॉवर एकदम, मग तिन्ही एकदम.
४. हेच सगळं टाकी भरलेली असताना आणि पुन्हा टाकी तळाला आलेली असताना.

चौथं माप जवळजवळ कुणीच घेत नाही. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीचा तळ यांत जेमतेम २ मीटर उंची असते. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे इथे फक्त ०.२ बार. टाकीत सव्वा मीटर पाणी असेल तर तोच दाब ०.३ च्या वर जातो. 'कधी बरं येतं, कधी येत नाही' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. तळमजल्याला आणखी ३ मीटर मिळतात, म्हणून तिथे कुणी कुरकुर करत नाही.

आकडे वाचायचे असे: गार पाणी चांगलं पण गरम बारीक, तर दोष गिझरच्या वाटेत आहे. शॉवर बारीक पण खालचा नळ जोरात, तर दोष शॉवरच्या जाळीत किंवा डायव्हर्टरमध्ये (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी चावी). एकेकटे सगळे ठीक पण एकत्र चालू केले की पडतात, तर दोष सामाईक पाइपमध्ये. फक्त वरचा मजला रडतो, तर उंची कमी पडते आहे.

## टप्पा २: अडलेलं मोकळं करा

पाइपला हात लावण्याआधी हे करायचं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात अर्धा त्रास इथेच संपतो.

शॉवरचा मुखडा काढा आणि उजेडाकडे धरून पाहा. भोकांत पांढरी, खडूसारखी पुटं दिसतील. टाचणीने एक भोक कोरलं की भाताच्या शितासारखा पापुद्रा बाहेर येतो. मुखडा रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मुखडा काढलेला असतानाच नळी मोकळी सोडून पुन्हा बादली भरून पाहा. आता धार जोरात असेल तर दुखणं फक्त मुखड्यात होतं.

मग या क्रमाने तपासा: मिक्सरच्या मागच्या जाळ्या, अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का, गिझरच्या तोंडाशी असलेला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), आणि गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह. जुन्या गेट व्हॉल्व्हची चकती आत गळून पडलेली असते. चाक फिरतं, वाट मात्र अर्धी बंदच राहते. तिथे पूर्ण वाटेचा बॉल व्हॉल्व्ह टाका. नवीन काम झालेल्या घरात जाळीत टेफ्लॉनचे तुकडे आणि पाइप कापतानाचा चुरा हमखास सापडतो.

सावधान: गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं बरोबर आहे. तापलेलं पाणी फुगतं, ते तिथून बाहेर पडतं. 'गळतंय' म्हणून त्याला बूच मारून घेऊ नका आणि कुणाला मारू देऊ नका. तो बंद केलेला गिझर धोकादायक असतो. त्याला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा.

तपासणी: टप्पा १ मधली मापं पुन्हा घ्या. एका शॉवरला ८ लिटर मिळू लागले आणि दोन चालू केल्यावरही धार फारशी पडत नसेल, तर पाइप आणि पंप दोन्ही सोडून थेट टप्पा ४ वर जा.

## टप्पा ३: पाइपची जाडी

गच्चीवरून खाली येणारा एकच पाऊण इंची पाइप तीन बाथरूम, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन सांभाळत असेल, तर मोठी टाकी ठेवूनही काही होणार नाही. कमी दाबाच्या घरात पाइप जाडच हवा: टाकीतून निघताना सव्वा किंवा दीड इंची, मजल्यावर एक इंची, बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या हातभर अंतरात. अर्ध्या इंचीपेक्षा पाऊण इंची पाइपचं तोंड सव्वादोन पट मोठं असतं.

जमलं तर प्रत्येक बाथरूमचा उतार (गच्चीवरून खाली येणारा पाइप) टाकीतून वेगळा घ्या. गच्चीवर एक आडवा जाड पाइप आणि त्यातून स्वतंत्र उतार, अशी रचना केली की खालच्या नळामुळे वरचा शॉवर मरत नाही. वाटेतले एल्बो कमी करा. कोपऱ्याकोपऱ्यांतून वळवलेली लाइन दिसायला नीटनेटकी असते, पण प्रत्येक वळणावर दाब खाते.

गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर पाइपच घ्या. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो, सांधे सुटतात, आणि तो भिंतीत असेल तर ओल येईपर्यंत कळत नाही. जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन असेल तर एक तुकडा कापून आत पाहा. गंजाने अर्ध्या इंचीची वाट पेन्सिलीएवढी झालेली असते, ती साफ होत नाही, बदलावीच लागते.

सावधान: टाकीखालचा ओटा उंच करून दाब वाढवण्याचा मोह होतो. एक मीटर उंचीने ०.१ बारच मिळतो आणि १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय विटांचे खांब रचू नका.

## टप्पा ४: गरम आणि गार, दोन्हींचा जोर सारखा

हा सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा आहे. मिक्सरमध्ये दोन पाणी भेटतात. एकाचा जोर जास्त असेल तर ते दुसऱ्याला मागे ढकलतं. शॉवर गरम-गार, गरम-गार होत राहतो आणि माणूस गिझर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावतो.

असमानता येते ती मुख्यतः तीन ठिकाणांहून. पहिलं, तळमजल्याच्या बाथरूमला गार पाणी थेट नगरपालिकेच्या लाइनवरून आणि गरम गच्चीवरून. सकाळी पाणी सुटलं की गारचा जोर वाढतो आणि गरम येईनासं होतं. दुसरं, सोलरला वेगळी छोटी टाकी आणि गारला वेगळी, दोन्हींच्या पातळीत फरक. तिसरं, पंप फक्त गार लाइनवर.

तिसऱ्याचा अनुभव आमच्याच घरचा. पंप बसवणाऱ्याने तो फक्त गार लाइनला जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्ची ओली आणि रात्री भरलेली टाकी तळाला. पाइप कुठेच फुटला नव्हता. एका बाथरूममध्ये मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या होत्या आणि पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणावर अडवलं होतं. पंपाने रेटलेलं गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरलं, उलटं चढून सोलरच्या टाकीत गेलं आणि तिथल्या हवेच्या उभ्या नळीतून रात्रभर गच्चीवर सांडत राहिलं. सोलरमधलं तापलेलं पाणी गेलं ते वेगळंच.

यावर 'गरम लाइनला एनआरव्ही लावून टाका' असं सांगितलं जातं. त्याने उलटा प्रवाह थांबतो, पण गारचा जोर त्या एनआरव्हीला दाबून बंदच ठेवतो आणि गरम पाणी येतच नाही. खरा उपाय दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणं हाच. दोन्ही एकाच टाकीतून घ्या, किंवा दोन्हींना सारखाच पंप द्या.

सोलरसाठी आणखी दोन गोष्टी. गार टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. आणि सोलरची हवेची नळी गार टाकीतल्या भरलेल्या पातळीपेक्षा वर गेलेली हवी, नाहीतर ती सांडत राहते.

तपासणी: शॉवर कोमट करून चालू ठेवा आणि दुसऱ्या बाथरूममध्ये फ्लश ओढा. पाणी क्षणभर बारीक झालं तर चालेल, पण गरम-गार बदलत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: गरम पाण्याचा हिशेब

आता धार ठरली आहे, म्हणून हिशेब करता येतो. आंघोळीचं पाणी ४० अंश, टाकीतलं १८, गिझर किंवा सोलरमधलं ६०. म्हणजे शॉवरच्या पाण्यात निम्म्याहून थोडं जास्त गरम पाणी लागतं, साधारण ५२ टक्के.

सहा माणसं, प्रत्येकी सात मिनिटं, मिनिटाला ८ लिटर: ३३६ लिटर कोमट पाणी, त्यात १७५ लिटर ६० अंशांचं. २०० लिटरचं सोलर कडक उन्हाच्या दुसऱ्या दिवशी हे जेमतेम पेलतं, ढगाळ दिवसानंतर नाही. हीच माणसं एकेका बादलीत आंघोळ करतील तर १२० लिटर कोमट, म्हणजे ६३ लिटर गरम. 'पूर्वी पुरत होतं, आता का पुरत नाही' याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

गिझरचं गणितही बघून घ्या. गिझरमधून सलग वापरता येतं ते साधारण ८० टक्के पाणी, पुढे आत शिरणारं गार पाणी मिसळू लागतं.

- १५ लिटरचा गिझर: सुमारे २३ लिटर कोमट पाणी, म्हणजे ८ लिटरच्या शॉवरला तीन मिनिटं. २ किलोवॅटच्या कॉइलने पुन्हा तापायला किमान २२ मिनिटं.
- २५ लिटरचा गिझर: सुमारे ३८ लिटर कोमट, पावणेपाच मिनिटं. पुन्हा तापायला ३७ मिनिटं.
- ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर: २२ अंशांची वाढ देताना मिनिटाला २ लिटरही नाही. त्यावर शॉवर चालणार नाही, तो स्वयंपाकघरासाठी ठीक.

म्हणून शॉवरच्या बाथरूमला २५ लिटर हे किमान धरा आणि दोन माणसांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ते शक्य नसेल तर ५० लिटर घ्या. एकच मोठा गिझर मध्यभागी ठेवून तीन बाथरूमना पाणी नेण्यापेक्षा मला प्रत्येक बाथरूमचा स्वतंत्र गिझर बरा वाटतो. कारण साधं आहे: पाऊण इंची पाइपच्या १५ मीटरमध्ये ४ लिटरच्या आसपास पाणी बसतं, आणि गरम येईपर्यंत ते दर वेळी मोरीत जातं. सोलरच्या लाइनला हे टळत नाही, तिथे पाइपला फोमचं वेष्टण घाला आणि पहिलं गार पाणी बादलीत धरा.

वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर ठेवणारे बरेच आहेत. शॉवरच्या घरात तो ६० वर हवा. ४५ अंशांवर २५ लिटरच्या गिझरमधून ३८ ऐवजी २५ लिटरच कोमट पाणी निघतं. फार वरही नेऊ नका, क्षार पटापट धरतात आणि भाजायची भीती वाढते. लहान मुलं असतील तर आधी गार, मग गरम उघडण्याची सवय लावा.

सावधान, गॅस गिझर: तो बाथरूमच्या आत नको, कधीच नको. दार-खिडकी लावलेल्या छोट्या खोलीत ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस हाक न मारता खाली कोसळतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत, पाणी तेवढं आत. शिवाय ६ लिटरचा गॅस गिझर एकाच शॉवरसाठी आहे. दुसरा उघडला की त्यातून जाणारं पाणी वाटलं जातं, आणि कमी दाबाच्या घरात तो पेटतच नाही.

## टप्पा ६: वीज

२ किलोवॅटचा एक गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तीन गिझर एकदम म्हणजे २६. प्रत्येकाला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गिझरच्या आधी तो बसवा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहून घ्या.

## टप्पा ७: पंप, आणि तोही शेवटी

इथपर्यंत येऊनही वरच्या मजल्याला ५-६ लिटरच मिळत असतील, किंवा रेन शॉवर हवाच असेल, तर पंप घ्या. घराला अर्धा एचपी बहुधा पुरतो, दाब दीड ते दोन बार ठेवा. क्रम असा:

१. आधी सगळे गळके नळ आणि फ्लशच्या टाक्या दुरुस्त करा. एक नळ ठिबकत असला तरी पंप रात्रभर थोड्या थोड्या वेळाने सुरू होत राहतो. सोबत छोटी प्रेशर टाकी असेल तर हा त्रास कमी होतो.

२. बाथरूममध्ये फक्त विजेचे गिझर असतील, तर पंप टाकीतून निघणाऱ्या मुख्य उतारावर बसवा, म्हणजे गिझरला जाणारं आणि गार लाइनचं पाणी एकाच पंपातून जाईल. गिझरच्या पाटीवरचा कमाल दाब वाचा, ८ बारचा असेल तर निश्चिंत.

३. सोलर असेल तर पाटीवर नॉन-प्रेशराइज्ड लिहिलं आहे का ते पाहा. साध्या नळ्यांच्या सोलरची टाकी पंपाचा दाब सहन करत नाही. तिच्या आधी पंप लावू नका. गरम पाण्याचा पंप सोलरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर, गारचा वेगळा, दोन्हींचा दाब सारखा. गरमचा पंप गरम पाण्यासाठीच बनवलेला घ्या, साध्या पंपाचं सील टिकत नाही.

४. उतारावर हवेची नळी असेल तर ती पंपाच्या आधी राहिली पाहिजे. पंपाच्या पुढे राहिली तर कारंजं उडेल.

५. पंपाला समांतर बायपास (पंप टाळून जाणारा पाइप) ठेवा, त्यात झडपेचा एनआरव्ही. वीज गेली तरी उताराचं पाणी चालू राहतं. स्प्रिंगचा एनआरव्ही इथे नको, कमी दाबाला तो नीट उघडत नाही.

६. टाकी रिकामी झाल्यावर बंद होणारा पंप घ्या, नाहीतर कोरडा चालून जळतो.

सावधान: नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. त्याला बंदी आहे, मोटर जप्त होते, आणि शेजाऱ्याच्या वाटचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. पंप नेहमी स्वतःच्या टाकीपुढे.

## टप्पा ८: शेवटची चाचणी

सकाळी सहा वाजता, टाकी अर्धी असताना, तिन्ही शॉवर कोमट करून एकदम चालू करा. प्रत्येकाखाली बादली आणि थर्मामीटर. ७५ ते ९० सेकंदांत १० लिटर आणि ३९-४० अंश, हे पाच मिनिटं टिकलं पाहिजे. मधेच फ्लश ओढा, स्वयंपाकघरातला नळ सोडा, मेन स्विच पाडून बायपास चालतो का पाहा. एखादा शॉवर १२ लिटर देत असेल तर त्याचा अँगल कॉक थोडा आवळा. तेवढंच गरम पाणी बाकीच्या दोघांना मिळतं.

सगळं जमलं की प्रत्येक व्हॉल्व्ह जिथे स्थिरावला तिथे ऑइल पेंटने रेघ मारा आणि शेजारी बाथरूमचं नाव लिहा. पुढच्या वेळी टाकी धुवायला येणारा सगळे व्हॉल्व्ह फिरवून जाईल, तेव्हा त्या रेघा पाहून पाच मिनिटांत सगळं परत जागेवर आणता येतं.